मग तिचा आवाज कसा असतो?

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं अण्णांची उरलीसुरली नजरही गेली. तेव्हापासून सकाळचा चहा आम्ही दोघं पुढच्या ओसरीवर घेतो. आमचं घर मिरजेत, जुन्या वस्तीच्या कडेला. समोर कडुनिंब, त्याच्यापलीकडे उंबर, आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर वेड्या बाभळी आणि घाणेरी माजलेली. मालक तिथे बांधकाम करत नाही आणि आम्ही मनातल्या मनात त्याचे आभार मानतो.

मार्चातली सकाळ होती. उंबरावरून कुऊऽ कुऊऽ सुरू झालं. अण्णा म्हणाले, "यंदा कोकिळा लवकर बोलायला लागली."

मी म्हटलं, "अण्णा, बोलतो तो नर. कोकिळा नव्हे, कोकीळ. मादी गात नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, गात नाही म्हणजे मुकी तर नसेल? मग तिचा आवाज कसा असतो?"

मला सांगता येईना. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वसंत ऋतूचा धडा आला की नर काळा आणि मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, हे चित्र दाखवून सांगितलं. पण तिचा आवाज मी आयुष्यात ओळखून ऐकला नव्हता. आपली भाषाही इथे मदतीला येत नाही. गोड गळ्याच्या बाईला आपण कोकिळा म्हणतो, म्हणजे नराचा आवाज तिच्या नावावर लावून मोकळे होतो आणि तिचा स्वतःचा आवाज कुणी विचारत नाही. त्या प्रश्नानं मला त्या दिवशी खरोखर बेचैन केलं. जे दिसत नाही ते अण्णांना फक्त कानांनीच मिळणार होतं, आणि त्यातलं अर्धं माझ्याकडे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतली एक कोरी वही काढली आणि तीन रकाने आखले. वेळ, काय ऐकलं, कोण दिसलं. नियम एकच ठेवला: आवाज येताना चोच उघडलेली दिसली तरच नर की मादी हे लिहायचं. झाडात नर बसलाय आणि त्याच झाडातून आवाज आला, एवढ्यावर भागवायचं नाही. आवाज कुठून आला हे सांगायचं काम अण्णांचं, कोण आहे ते बघायचं काम माझं. अण्णांची सगळी नोकरी रेल्वेत, मिरज जंक्शनवर गेली. यार्डात उभं राहून, गाडी दिसायच्या आधी ती कुठल्या बाजूनं येतेय ते आवाजावरून सांगायचे. आता ते काठी उचलून म्हणत, "निंब. वरचा शेंडा नाही, मधली फांदी, उजवीकडे." आणि मी दुर्बीण लावली की बहुतेक वेळा पक्षी तिथेच.

नर सापडायला अवघड नव्हता. चौथ्याच दिवशी उंबराच्या उघड्या फांदीवर मिळाला. काळा कुळकुळीत, उन्हात निळसर चकाकणारा, लालभडक डोळा, फिकट हिरवट चोच. प्रत्येक हाकेला गळा फुगायचा आणि सगळं अंग पुढे झुकायचं. पहिली हाक अगदी आटोपशीर. मग प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा थोडी वर, थोडी मोठी, सात-आठ हाका झाल्या की आवाज फाटणार असं वाटतं, आणि तिथेच एकदम बंद. अण्णा ऐकून म्हणाले, "हा एका षड्जावर राहतच नाही. दर हाकेला पट्टी चढवतोय." त्याचं दुसरंही एक बोलणं आहे, पाण्यात बुडबुडे यावेत तसं भराभर, घोगरं. ते तो दुसऱ्या कोकिळाच्या मागे लागला की ऐकू येतं. तेही चोच बघून नराच्या नावावर लिहिलं.

मादीनं मात्र घाम काढला. पुस्तकात वाचलं होतं की तिचा आवाज किक्-किक्-किक् असा तीक्ष्ण असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निंबातून तसाच आवाज येऊ लागला. पानं दाट, पक्षी दिसेना. मी माझाच नियम मोडला आणि वहीत ओळीनं अकरा वेळा लिहिलं: मादी. अण्णा रोज ऐकत होते, पण काही बोलत नव्हते. एका दुपारी म्हणाले, "अगं, ही तुझी कोकिळा पाच मिनिटं झाली, श्वास न घेता एकाच लयीत बोलतेय. पक्षी असा बोलत नाही." मी चप्पल घालून निंबाखाली गेले. खोडाला उलटी चिकटलेली खार, प्रत्येक चिक् बरोबर शेपटी उडवत होती. खाली मांजर बसलेलं होतं. अकराच्या अकरा नोंदींवर मी काट मारली. त्यातली एखादी खरी असेलही, पण ती कोणती ते आता कळायला मार्ग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

खरी मादी दिसली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पहाटे सव्वासहाला. उंबराच्या खालच्या फांदीवर तपकिरी अंगाची, पाठीवर पांढरे ठिपके, शेपटीवर आडव्या पट्ट्या, पोटाकडे पांढऱ्यावर गडद रेघा. ती इतकी स्तब्ध होती की फांदीचाच भाग वाटावी. दूर नर बोलत होता. तिनं चोच उघडली आणि किक्-किक्-किक्-किक् असा झपाट्यानं आवाजाचा सडा टाकला, जेमतेम दोन सेकंद, आणि त्या आवाजातच उडून गेली. मी ओसरीकडे वळले तर अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "ही खार नव्हे," ते म्हणाले. "खार ठेका धरते. हिनं एकदम ओतलं आणि संपवलं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांची जुनी दुकानं आहेत. अण्णा संध्याकाळी ड्यूटी संपली की तिथे जाऊन बसत. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर कानस फिरवतो, तारेखाली सूत सरकवतो, आणि एका जागी तार अशी बोलते की तिच्या आवाजातून आणखी आवाज फुटतात. त्याला जवारी म्हणतात. अण्णा म्हणाले, "नराच्या आवाजाला जवारी आहे. तिच्या आवाजाला नाही. कोरडी काटकी मोडावी तसा आहे तिचा." त्या दिवसापासून माझ्या वहीत चौथा रकाना आला: अण्णा काय म्हणाले.

फोनवर मर्लिन नावाचं ॲप घेतलं होतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेनं केलेलं आहे आणि जात ओळखायला फार उपयोगी. पण ते जातीपाशी थांबतं. नर बोलला तरी कोयल, मादी बोलली तरी कोयल. मात्र पडद्यावर आवाजाचं जे चित्र सरकतं त्यात फरक डोळ्यांना दिसतो. नराची प्रत्येक हाक ही वर चढणारी वाकडी रेघ, मादीची म्हणजे जवळजवळ उभे, बारीक फटकारे, पावसाच्या तिरप्या सरीसारखे. मी ते चित्र अण्णांच्या तळहातावर बोटानं काढून दाखवलं. आधी चढण, मग फटकारे. ते हसले. "कळलं. त्याची जिन्याची पायरी आणि हिचं सुपातलं पाखडणं."

इथे एक सांगायलाच हवं. मादीचा आवाज पुन्हा मिळावा म्हणून मी एकदा तिचं ध्वनिमुद्रण अंगणात मोठ्यानं लावलं. अर्ध्या मिनिटात नर निंबावर येऊन बसला आणि पुढची वीस मिनिटं तो इकडून तिकडे फिरत ओरडत होता. नसलेल्या मादीसाठी. विणीच्या दिवसात ती शक्ती त्याला कशासाठी तरी लागणार होती. मी पुन्हा कधी तसं केलं नाही आणि कुणी करत असेल तर हात जोडून सांगते, करू नका. थांबलं की आवाज येतोच.

थांबल्याचं फळ मे महिन्यात मिळालं. शेजारच्या आंब्यावर कावळ्यांचं घरटं होतं. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या सकाळी नर घरट्यापासून दहा हातांवर येऊन तारस्वरात ओरडू लागला. दोन्ही कावळे त्याच्यावर तुटून पडले आणि तिघंही गल्लीच्या टोकापर्यंत गेले. आंब्यात एक तपकिरी सावली शिरली. तेवढा वेळ तिच्याकडून चकार शब्द नाही. मिनिटाभरात ती बाहेर पडली आणि दोन घरं ओलांडल्यावर लांबून किक्-किक्-किक् आलं. आत काय झालं ते पानांनी झाकलेलं होतं. पण नराचा मोठा आवाज आणि मादीचं गप्प राहणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, असं मला त्या मिनिटात वाटलं. तिचा आवाज आपल्याला माहीत नसतो याचं एक कारण हेही असावं. तिला ऐकू न येण्यातच तिचं काम होतं.

कोकिळाच्या बाबतीत डोळ्यांचा आधार तरी होता. नर-मादी दिसायला इतके वेगळे की चुकायला जागा नाही. पाऊस सुरू झाल्यावर आम्ही भारद्वाजाकडे वळलो, आणि इथे तो आधारच गेला. काळं अंग, तांबूस तपकिरी पंख, लाल डोळे, दोघांचंही सारखंच. मादी किंचित मोठी असते म्हणतात, पण घाणेरीत अर्धवट दडलेल्या पक्ष्याची मापं कोण घेणार? मागच्या प्लॉटवर एक जोडी कायमची होती. आई असताना सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार म्हणायची. कुंभारकावळा म्हणूनही लोक त्याला ओळखतात.

त्याचा हूप-हूप-हूप आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा असतो. आधी आम्हाला तो एकच पक्षी वाटायचा. अण्णांनीच पकडलं. "दोघं आहेत. एकमेकांच्या आवाजात आवाज घालतायत. एक पट्टी खाली आहे." मी पेटी ओसरीवर आणली. भारद्वाज बोलला की मी पट्ट्या दाबत जायची आणि अण्णा म्हणायचे, खाली, अजून खाली, हं. रोज स्वर तिथल्या तिथे सापडायचा असं नाही, थोडा इकडे-तिकडे सरकायचा. पण वरचा तो वरचाच आणि खालचा तो खालचाच राहिला. सतरा सकाळी ऐकलं, एकदाही अदलाबदल नाही.

अण्णांनी साहजिकच धरलं की खर्जातला तो नर. मलाही तसंच वाटलं. माणसाच्या कानाला दुसरं सुचतच नाही.

जुलैच्या शेवटी पावसानं उघडीप दिली त्या दिवशी दोघं भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत उतरले. एकाच्या चोचीत सरडा लोंबत होता. तो दुसऱ्याच्या मागे मागे चालत होता, अगदी पावलं मोजत. दुसऱ्यानं थांबून शेपटी खाली टेकवली, पंख ढिले सोडले. पहिल्यानं सरडा पुढे केला. भारद्वाजात खाऊ आणणारा नर आणि पंख ढिले सोडून होकार देणारी मादी, हे मी वाचलेलं होतं. आता फक्त कुणाचा आवाज कोणता ते कळायला हवं होतं. मी दुर्बीण मादीवर धरून ठेवली, हात भरून आला तरी. सरडा गिळून झाल्यावर ती भिंतीवर चढली, मान छातीत घातली, पाठ कुबडासारखी उचलली आणि हूप-हूप सुरू केलं. खर्जात. मागून घाणेरीतून वरच्या पट्टीत उत्तर आलं.

मी आत धावत जाऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे खर्ज बाईचा?" आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिले. नंतर आम्ही वाचून ताडून पाहिलं, भारद्वाजाच्या जुगलबंदीत मादीचाच आवाज खालचा असतो. अंग मोठं तर आवाज खाली, ढोबळमानानं कारण एवढंच असावं. तंबोऱ्याचा भोपळा मोठा तसा नाद खोल, अण्णांनी लगेच जोड लावली. पक्ष्यांचं स्वरयंत्र आपल्यासारखं गळ्याच्या वरच्या टोकाला नसतं. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, त्या बेचक्यात असतं. गाणाऱ्या पक्ष्यांना दोन्ही बाजूंनी वेगवेगळा सूर काढता येतो हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जोडाच्या तारा."

तोपर्यंत आमचं बोलणं गावभर झालं होतं. एक माजी विद्यार्थी कृष्णाकाठच्या मळ्यावर बदकं पाळतो, तो म्हणाला, बाई, एवढं अवघड कशाला, माझ्याकडे या. त्याच्या बदकांत जी मोठ्यानं क्वॅक-क्वॅक करते ती मादी. नराचा घसा बसल्यासारखा असतो, नुसती खरखर. नराच्या स्वरयंत्राशी हाडाचा पोकळ फुगा असतो, त्यामुळे त्याचा आवाज असा दबतो. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की तो एकेक उचलून कानाशी धरतो आणि आवाजावरून दोन खुराड्यांत टाकतो. मोठ्या नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस असतं, ते बघून खात्री करता येते. अण्णांनी तिथे बसून बारा पिल्लं वेगळी केली. बाराच्या बारा बरोबर होती की नाही हे पिसं आल्यावर कळलं: अकरा.

दयाळानं मात्र आमची घडी विस्कटली. दयाळ गाऊ लागला की तो नर, हे मी डोळे झाकून लिहीत होते, कारण काळा-पांढरा नर शेंड्यावर बसून गातो हे शेकडो वेळा पाहिलेलं. फेब्रुवारीत एकदा तारेवर राखाडी पक्षी बसला होता, म्हणजे मादी. नर हातभर अंतरावर. आणि गळा हलत होता तो तिचा. गाणं छोटं, हलकं, पण गाणंच. "गातो तो नर" हे मी वर्गात अभिमानानं सांगितलेलं वाक्य. २०१४ साली जगभरातल्या गाणाऱ्या पक्ष्यांचा आढावा घेऊन संशोधकांनी दाखवून दिलं की पाहिलेल्या जातींपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते. इतकी वर्षं आपण ऐकलंच नाही, किंवा ऐकून नराच्या खात्यात टाकलं. माझ्या वहीत दयाळाच्या जुन्या सगळ्या नोंदींपुढे आता प्रश्नचिन्ह आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये धाकट्या बहिणीकडे गोंदियाला गेले. महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेवरून थेट जाते. अण्णांना तो प्रवास झेपला नसता, पण गाडीची प्रत्येक वेळ त्यांनी तोंडपाठ सांगितली. तिथे धानाच्या बांध्यांत सारस पाहायचे होते. उभा राहिला तर माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लाल मान. नर-मादी रंगानं सारखेच. पहाटे बांधावर उभे होतो, सोबतचा शेतकरी म्हणाला, "जोडी हाय जी, थांबा, बोलतील." आणि बोलले. लांब श्वासनलिका छातीच्या हाडापाशी वेटोळं घालून असते, त्यामुळे तो आवाज कर्ण्यासारखा निघतो. माझ्या छातीत तो जाणवला. दोघांनी माना आभाळाकडे केल्या. सुरुवात एकीनं केली, पंख मिटलेले. दुसऱ्यानं पंख पाठीवर उचलले आणि लांब हाक दिली. सारसांत पंख उचलतो तो नर. त्याच्या एका हाकेत तिच्या दोन, छोट्या, बरोबर बसवलेल्या.

ते फोनवर घेतलं आणि परत आल्यावर, अण्णांना काही न सांगता, ऐकवलं. पहिल्यांदा त्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्यांदा मांडीवर बोटांनी ठेका धरला. "एकाला दोन," ते म्हणाले. "आणि सम तिच्याकडे आहे. ती धरते, मग हा येतो. बरोबर?"

बरोबर होतं.

यंदा मृग लागायच्या आधीपासून पावशा बोलतोय. पेरते व्हा, पेरते व्हा, चढत चढत जाणारं, ते नराचं. मादीचा आवाज खरखरीत, घासल्यासारखा असतो एवढं वाचलंय. परवा पहाटे पाचच्या आधी अण्णांनी हाक मारली. उंबराच्या बाजूनं काहीतरी आलं होतं, चाकाला ब्रेक घासावा तसं, तीनदा. मी उठून गेले तेव्हा बाहेर अंधारच होता. दिवा न लावता वहीत वेळ लिहिली, आवाज लिहिला, अण्णा काय म्हणाले ते लिहिलं. "कोण दिसलं" हा रकाना मोकळा ठेवला आणि चहा ठेवायला आत गेले. उजाडेपर्यंत तासभर होता.